मेळघाटातील भाषेचे बेट

अमरावतीहून परतवाड्याकडे एस. टी. निघाली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, तूर, संत्र्यांच्या बागा आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन दिसते. परतवाडा मागे पडते, घाट लागतो आणि चित्र पालटते. साग आणि बांबूचे रान सुरू होते, गावे लांब लांब जातात. सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. पण याहून मोठा पालट डोळ्यांना दिसत नाही, तो कानांना जाणवतो. परतवाड्यापर्यंत गाडीत "काहून", "कुठी", "बाप्पा" अशी वऱ्हाडी बोलणी चाललेली असतात. घाट चढून गेल्यावर शेजारच्या बाकावर दोन बाया बोलू लागतात आणि त्यांतला 'बाजार' कळतो, 'दवाखाना' कळतो, 'मोबाइल' कळतो. बाकी एक अक्षर कळत नाही.

ही कोरकू भाषा. मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके. क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती साधारण तीन लाख. म्हणजे दोन्ही तालुके मिळून अमरावती शहराच्या निम्मीही माणसे भरत नाहीत. त्यांत बहुसंख्य कोरकू आहेत. वर्तमानपत्रांत मेळघाटचे नाव दोनच कारणांनी येते, एक वाघ आणि दुसरे कुपोषण. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण मेळघाटात तिसरीही एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ती म्हणजे ही भाषा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? बारा कोसांवर भाषा बदलतेच. पण मित्रांनो, पुण्याची मराठी आणि आपली वऱ्हाडी यांत जो फरक आहे तसा हा फरक नाही. मराठी आणि हिंदी यांतल्या फरकासारखाही नाही. गंमत ऐका. युरोपच्या अगदी उत्तरेस नॉर्वे नावाचा देश आहे. तिथे दोनला 'तू' किंवा 'तो' यांच्या मधला उच्चार करतात, तीनला 'त्रे' म्हणतात, नावाला 'नाव्न' आणि नाकाला 'नेसे'. दोन, तीन, नाव, नासिका! ओळखीचे वाटले ना? कारण मराठी आणि नॉर्वेजियन या फार दूरच्या का होईना, पण बहिणी आहेत. दोघी एकाच मोठ्या भाषाकुलातल्या. आता धारणीच्या बाजारात विचारा. कोरकूत दोन म्हणजे 'बारी', तीन म्हणजे 'आफइ', नाक म्हणजे 'मू'. काही धागा लागत नाही. भाषेच्या नात्याने पाहिले तर परतवाड्याच्या मराठी माणसाला ऑस्लोचा माणूस हा घाटावरच्या कोरकू शेजाऱ्यापेक्षा जवळचा आहे.

मग कोरकूचे नातेवाईक कोण? ते सापडले कसे? हे समजून घ्यायचे तर आधी त्याच नॉर्वेच्या टोकाला जाऊन यावे लागेल. तिथेही असेच एक भाषेचे बेट आहे आणि तसे नाते शोधण्याची युक्ती तिथेही वापरली गेली.

शुक्र बघायला गेले, मासा सापडला

नॉर्वेच्या उत्तरेकडील फिनमार्क प्रांतात काउतोकेइनो नावाचा तालुक्याएवढा एक कारभार-विभाग आहे. क्षेत्रफळ सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. आणि लोकसंख्या तीन हजारांच्याही आत. त्यापुढे आपला मेळघाट म्हणजे गजबजाटच! तिथले बहुतेक लोक सामी. रेनडिअरचे कळप पाळणे हा त्यांच्यातल्या अनेकांचा परंपरागत धंदा. त्यांची सामी भाषा आणि भोवतालची नॉर्वेजियन यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, जसा कोरकूचा मराठीशी नाही.

१७६९ साली ३ जूनला शुक्राचे अधिक्रमण होते. म्हणजे शुक्राचा ग्रह काळ्या ठिपक्यासारखा सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. युरोपच्या बऱ्याच भागात त्या वेळी रात्र असणार. पण उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणून तिथल्या वार्डो बेटावर मध्यरात्रीही तो दिसणार होता. हे पाहण्यासाठी माक्सिमिलियान हेल हा ज्योतिर्विद तिथे गेला. त्याच्याबरोबर यानोश शायनोविच नावाचा हंगेरीचा एक विद्वान धर्मगुरू होता. वेध घेण्याचे काम झाले. आणि शायनोविचने आणखी एक काम केले. त्याने सामी लोकांचे शब्द टिपून घेतले व आपल्या हंगेरियन भाषेशी ताडून पाहिले. दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर असलेल्या या दोन भाषा नात्यातल्या आहेत, असे पुस्तक त्याने १७७० साली छापले. दोन्ही भाषा 'एकच' आहेत असे म्हणण्यापर्यंत तो वाहवला, पण मूळ मुद्दा खरा निघाला. हंगेरीतल्या मानी लोकांना मात्र तो मुळीच रुचला नाही. माशाच्या तेलाचा वास येणारे हे नातेवाईक कुठून आणलेस, असा त्यांचा सूर होता.

मासाच घेऊ या. माशाला फिनलंडच्या फिनिश भाषेत 'काला' म्हणतात, सामीत 'गुओल्ली' आणि हंगेरियनमध्ये 'हॉल'. आता तीन हा आकडा घ्या. फिनिश 'कोल्मे', सामी 'गोल्ब्मा', हंगेरियन 'हारोम'. नीट बघा, या शब्दांत फिनिशमध्ये आरंभी क आहे, सामीत ग आहे आणि हंगेरियनमध्ये ह आहे. एका शब्दात नव्हे, एकामागून एक अनेक शब्दांत. शब्द सारखे दिसतात की नाही याला फार महत्त्व नाही. फरक ठरावीक रीतीने पडतो की नाही, याला आहे. योगायोगाने दोन शब्द सारखे निघू शकतात. पण योगायोग नियम पाळत नाही. भाषांचे नाते ठरवण्याची ही कसोटी एकोणिसाव्या शतकात पक्की झाली.

आता ही कसोटी घेऊन मेळघाटात परत या.

काकू म्हणजे काय?

कोरकूचे व्याकरण इंग्रजीत प्रथम पुस्तकरूपाने १९०३ साली आले. ते जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०६ साली, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला. त्यात कोरकूची नोंद आहे आणि तो खंड तयार करणारा विद्वान स्टेन कोनॉव हा, योगायोग पाहा, नॉर्वेचाच होता. या अभ्यासातून स्पष्ट झाले की कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे. तिच्या सख्ख्या बहिणी म्हणजे संताळी, मुंडारी, हो; आणि त्या बोलल्या जातात कुठे, तर झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल इकडे. मेळघाटापासून रांची सरळ रेषेत आठ-नऊशे किलोमीटर पूर्वेला आहे. मधल्या मुलखात हिंदी, छत्तीसगढी आणि द्राविडी कुळातली गोंडी. सगळ्या मुंडा भाषांत कोरकू सर्वांत पश्चिमेची.

आणि पुरावा? कोरकूत माशाला 'काकू' म्हणतात. (हे वाचून घरच्या काकूंना चिडवू नका.) संताळीत मासा म्हणजे 'हाको'. कोरकूत मुलगा म्हणजे 'कोन', मुंडारीत 'होन'. कोरकूत माणूस म्हणजे 'कोरो', मुंडारीत 'होडो'. पुन्हा क आणि ह! फिनिश-हंगेरियनमध्ये जे घडले तेच इथेही, त्यांचा यांचा काडीचा संबंध नसताना. जिभेची मागची बाजू टाळूला पूर्ण टेकली की क निघतो. ती जराशी सैल राहिली, हवा घासून जाऊ लागली, की काही पिढ्यांत त्याचा ह होतो. तोंडाची रचना सगळ्या माणसांची एकच असल्यामुळे असे बदल जगात वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे होतात. लॅटिनमधले 'कोर्नू' म्हणजे शिंग आणि तुमच्या इंग्रजीतले 'हॉर्न' ही जोडीही त्याच जातीची.

मग मूळचा उच्चार कोणता, क की ह? १९०६ सालीच विल्हेल्म श्मिट या अभ्यासकाने दाखवून दिले की मुंडा भाषांचे नाते आणखी पूर्वेकडे, थेट कंबोडिया आणि व्हिएतनामपर्यंत पोचते. या सगळ्या कुळाला आता ऑस्ट्रोआशियाई म्हणतात. व्हिएतनामी भाषेत माशाला म्हणतात 'का'. मुलाला, अपत्याला म्हणतात 'कॉन'. म्हणजे आरंभीचा क जुना आहे. संताळी, मुंडारी या लाखो लोकांच्या, मोठ्या भाषांनी तो हरवला. आणि मेळघाटातल्या या धाकट्या बहिणीने तो जपून ठेवला! संताळी बोलणारे सत्तर लाखांच्या वर आहेत. कोरकू बोलणारे २०११ मध्ये सुमारे सव्वासात लाख होते, तेही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून.

आणखी काही शब्द पाहा. डोळ्याला कोरकूत 'मेड', संताळीत 'मेत्', व्हिएतनामीत 'मात्'. नाकाला कोरकू आणि संताळीत 'मू', व्हिएतनामीत 'मुइ'. चारला कोरकूत 'उफुन', संताळीत 'पोन', व्हिएतनामीत 'बोन'. पाण्याला कोरकूत 'डा', संताळीत 'दाक्', आणि व्हिएतनामच्या डोंगराळ भागातल्या बाहनार भाषेत 'डाक्'. गावोगावी उच्चार थोडे वेगळे ऐकू येतील, पण मेळ लपत नाही. हरिसालच्या हातपंपावर घागर भरणारी मुलगी आणि तीन हजार किलोमीटर दूरच्या डोंगरातली तिच्याच वयाची मुलगी पाण्याला जवळजवळ एकच शब्द वापरतात, आणि दोघींनाही याची कल्पना नाही.

हे लोक केव्हा आणि कोणत्या वाटेने पसरले यावर वाद आहेत. आज बहुतेक अभ्यासकांचा कल असा की या भाषा आग्नेय आशियातून काही हजार वर्षांपूर्वी भारतात आल्या. त्या वादात आपण शिरायला नको. 'कोरकू' या नावाचा अर्थ मात्र सोपा आहे: कोरो म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसतीच 'माणसे'.

नकाशातही ही भाषा दिसते. मेळघाटातून वाहत जाऊन तापीला मिळणारी सिपना नदी तुम्ही ऐकली असेल. सिपना हा कोरकूतला सागाचा शब्द.

अंकांनी फसू नका

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अंक मिळतात म्हणून भाषा नात्यातल्या, असे घाईने म्हणू नये. याचा धडा शिकायला लांब जायचे कारण नाही. अकोल्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या परिसरात, निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे फार तर दोन-अडीच हजार. निहालीत दोनला 'इरार' आणि चारला 'नालो' म्हणतात. कन्नडमध्ये चारला 'नाल्कु' म्हणतात, तमिळमध्ये दोनला 'इरंडु'. तेव्हा निहाली द्राविडी ठरवायची का? नाही! तिच्यात कोरकूचेही शब्द ढीगभर आहेत, मराठी-हिंदीचे आहेत. हे सारे उसने शब्द बाजूला काढले तरी खाली एक गाभा उरतो आणि तो जगातल्या कोणत्याच ज्ञात भाषेशी जुळत नाही. क्वाइपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यानंतरही पुष्कळ काम झाले, पण निहाली अजून एकटीच आहे. बाजारात व्यवहार ज्या भाषेत होतो तिचे अंक सहज उचलले जातात. आपण तरी 'नंबर' आणि 'टेन' म्हणतोच की. म्हणून अंकांच्या जोडीला नाक, डोळा, पाणी, मासा असे घरातले शब्द लागतात आणि त्यांच्यात फरकाचा नियम सापडावा लागतो.

कोरकूच्या व्याकरणातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठी त्याहून चोखंदळ आहे, तिच्यात दोन आहेत: 'आम्ही' (तू त्यात नाहीस) आणि 'आपण' (तूही आहेस). कोरकूत चार! तू आणि मी असे दोघेच असू तर 'आलांग'. मी आणि तो असे दोघे, तू नाहीस, तर 'आलिञ्'. तुझ्यासकट आपण पुष्कळ जण असू तर 'आबुंग'. तू सोडून आम्ही पुष्कळ, तर 'आले'. संस्कृतातले द्विवचन मराठीत लोपले, पण कोरकूत सजीवांसाठी द्विवचन आजही चालू आहे. (सामीतही 'आम्ही दोघे'साठी वेगळे सर्वनाम आहे, हा आणखी एक योगायोग.) वर्गात गुरुजी मराठीत नुसते 'आम्ही' म्हणतात तेव्हा पहिलीतल्या कोरकू मुलाला ते अर्धवट बोलल्यासारखे वाटत असेल का? मला वाटते, वाटत असावे.

शाळेच्या उंबरठ्यावर

विनोद बाजूला ठेवला तर हा प्रश्न गंभीर आहे. सहा वर्षांचे मूल घरी 'डा' म्हणते आणि शाळेत फळ्यावर 'पाणी' पाहते. अक्षर नवे, आणि शब्दही नवा. परतवाड्याच्या मुलाला एकच गोष्ट शिकायची असते, याला एकदम दोन. ते गप्प बसते. आणि गप्प बसणारे मूल मंद आहे असा शिक्का मारायला मोठ्या माणसांना वेळ लागत नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे आपल्या संविधानाचे कलम ३५०क सांगते. ते १९५६ साली घातले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. संताळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तिची ओल चिकी ही स्वतःची लिपीही आहे. कोरकू त्या अनुसूचीत नाही. ती लिहायची तर देवनागरीत लिहितात.

नॉर्वेने या बाबतीत जे केले ते सांगण्यासारखे आहे, वाईटही आणि चांगलेही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे तिथल्या सरकारचे धोरण सामी मुलांना शाळेत नॉर्वेजियनच बोलायला लावण्याचे होते. समुद्रकाठच्या अनेक सामी गावांतून भाषा नाहीशी झाली. काउतोकेइनोसारख्या आतल्या, विरळ वस्तीच्या भागात ती टिकली. पुढे धोरण उलटे फिरले. १९८९ साली शेजारच्या कारासयोक गावी सामींची स्वतःची प्रतिनिधिसभा सुरू झाली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी काउतोकेइनो व कारासयोक धरून काही तालुक्यांत सामीला नॉर्वेजियनच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा मिळाला. जी भाषा बोलल्याबद्दल आजोबांना शाळेत रागावत, तीत नातवंडे परीक्षा देऊ लागली. पण ज्या गावांत भाषा एकदा तुटली होती तिथे ती परत रुजवणे अतिशय अवघड गेले.

मेळघाटातही विरळ वस्ती आणि घाट यांनी भाषेला आजवर आडोसा दिला. आता तो आडोसा पूर्वीसारखा नाही. १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटची निवड झाली आणि या शतकात जंगलाच्या गाभ्यातली अनेक गावे उठवून खाली आणली गेली. त्यांतली काही अकोला जिल्ह्यात, अकोटच्या बाजूला वसली आहेत. वाघासाठी जागा मोकळी व्हावी, लोकांना रस्ता, दवाखाना मिळावा, ही कारणे आहेत. स्थलांतराच्या अटींवरून तंटेही झाले आहेत. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर कोरकू बोलणारी आख्खी गावे आता वऱ्हाडी मुलखात आहेत. तिथल्या मुलांचे खेळगडी, किराणा दुकान, शाळा सगळे मराठी. ती मुले मराठी शिकतील, आणि शिकलीच पाहिजे. तिसऱ्या पिढीला माशासाठी 'काकू' हा शब्द ठाऊक असेल का, हे मात्र घरात कोणती भाषा चालू राहते त्यावर ठरेल.

अकोट, परतवाडा, अचलपूर, धारणी इथल्या शाळांत तुमच्या बाकाशेजारीच एखादा कोरकू मित्र किंवा मैत्रीण बसत असेल. तर हा प्रयोग करून पाहा. त्याला ना भिंग लागते, ना रसायने. शंभर शब्दांची यादी करा. टेबल, रेडिओ, साखर असले शब्द घेऊ नका, ते सगळीकडे उसनेच असतात. डोळा, कान, हात, पाणी, आग, चंद्र, झाड, कुत्रा, साप, मी, तू, खाणे, झोपणे असे घ्या. दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा, आजीला विचारता आले तर फारच उत्तम. शब्दाच्या शेवटचा आवाज नीट ऐका, कारण मुंडा भाषांत तो पुष्कळदा घशातल्या घशात अडकतो आणि मराठी कानाला ऐकूच येत नाही. आणि कोरकू मुलांनो, ही यादी तुम्ही केलीत तर आमच्या कोणापेक्षाही चांगली होईल.

जाता जाता एक कोडे. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात. वरच्या नियमाप्रमाणे मुंडारीत 'हुला' व्हायला हवे होते. पण मुंडारीतही 'कुला'च आहे आणि संताळीत 'कुल'. असे का? हंगेरियनमध्येही असेच दिसते: हाताला फिनिशमध्ये 'कॅसी' आणि हंगेरियनमध्ये 'केझ', तिथे क तसाच राहिला. त्याचे उत्तर सापडले आहे. पुढचा स्वर आ, ओ असा तोंडाच्या मागच्या बाजूचा असेल तरच हंगेरियनमध्ये ह झाला, पुढच्या बाजूचा असेल तर क टिकला. मुंडा भाषांत हे उत्तर चालेल का, पाहा. खेकड्याला संताळीत 'काटकोम' म्हणतात. तिथे क च्या पुढे आ आहे, तरी ह झालेला नाही, आणि 'हाको'त झाला आहे. म्हणून काही अभ्यासकांनी असे सुचवले की अगदी जुन्या मुंडा भाषेत क सारखे दोन वेगळे ध्वनी असावेत, एक नेहमीचा आणि एक त्याहून घशाच्या आतला, आणि ह झाला तो फक्त दुसऱ्याचा. तुमच्या शंभर शब्दांच्या यादीत क ने सुरू होणारे कोरकू शब्द वेगळे काढा आणि संताळी किंवा मुंडारी शब्दकोशात त्यांच्या जोड्या लावून बघा.